मृतांचे पुनर्मीलन

आपली गीते आपणच रचावीत, हा लिव्हरपूलच्या बीटल्सचा पायंडा जगभरच्या तरुण वाद्यवृंदांनी उचलला. त्यांचा प्रभाव आम्ही त्यातच मानतो. १९७० साली हे चौघे विभक्त झाले. १९८० मध्ये लेनन यांची हत्या झाली, तेव्हा पुनर्मीलनाचा प्रश्न वस्तुतः मिटला होता. तरीही त्यांच्या घरगुती ध्वनिफितीतील आवाज यंत्राने पियानोपासून विलग करून २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ काढण्यात आले आणि ते ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले. १९९५ साली हेच गीत हॅरिसन यांना पसंत नसल्यामुळे सोडून दिले होते, असे खुद्द मॅकार्टनी सांगतात. हॅरिसन २००१ मध्ये निवर्तले. त्यांनी तेव्हा वाजविलेली गिटार मात्र आता वापरली गेली. वारसांची संमती होती, हे मान्य. पण नापसंती स्वतः हॅरिसन यांची होती, आणि आम्हांस तीच अधिक ग्राह्य वाटते.