लाईकची सावड बंद करा



शेतीच्या पेजवाल्यांमध्ये सध्या एक नवीन सावड चालू झालीय. व्हॉट्सॲपवर ग्रुप करायचा, त्यात वीस-तीस पेजवाले घ्यायचे. कुणी पोस्ट टाकली की लिंक ग्रुपवर, आणि बाकीच्यांनी लगेच लाईक, कमेंट, शेअर करायचं. आज मी तुझं, उद्या तू माझं. मलाही असल्या दोन ग्रुपांत घेतलं होतं. मी दोन्हीतून बाहेर पडलो. नवीन पोरं कारण विचारतात, म्हणून लिहितोय.

पोरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दिवसभर रानात राबून रात्री चार ओळी लिहायच्या आणि बघणारे सातच, मग वाईट वाटतंच. पण आपल्या सावडीत काय होतं? तुमचे बैल माझ्या रानात, माझे तुमच्या रानात. संध्याकाळी रान बघितलं की कळतं, नांगरट झाली का नाही. लाईकच्या सावडीत रान तसंच पडीक राहतं, आणि बांधावर बसून सगळे म्हणतात, नांगरट झकास झाली.

यात नुकसान वाचणाऱ्याचं होतं. समजा कुणी लिहिलं, "कांद्यातल्या तणावर अमुक तणनाशक, पंपाला एक झाकण." पंप पंधरा लिटरचा का वीसचा? झाकण कुठल्या बाटलीचं? कांदा किती दिवसांचा, रानात ओल किती? काहीच नाही. पण खाली दीडशे लाईक आणि चाळीस "छान माहिती दादा". मिरजगावचा किंवा माहीजळगावचा एखादा शेतकरी ते बघतो, त्याला वाटतं एवढे लोक म्हणतात म्हंजे बरोबरच असेल. पात करपली तर त्या चाळीसपैकी एकजण तरी बांधावर येणार आहे का? आणि एखाद्या जाणत्यानं "प्रमाण चुकलंय" असं लिहिलेलं असतं, ते या गर्दीत खाली दबून जातं.

पेजवाल्याचाही फायदा नाही. लाईक देणारे सगळे दुसरे पेजवाले. त्यांच्याकडं ना तुमची जमीन, ना तुमचं पीक. फेसबुकनं तर डिसेंबर 2017 मध्येच जाहीर केलं होतं, की लाईक-शेअर-टॅग मागून फुगवलेल्या पोस्टी खाली ढकलणार.

खरी पोच कशी होते ते 2018 साली बघितलंय. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी त्या वर्षी देशात पहिल्यांदा कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी आपल्या राज्यातही आली. तेव्हा डॉ. अंकुश चोरमुले यांच्या 'होय आम्ही शेतकरी' सारख्या ग्रुपांवरून तिची माहिती गावोगाव गेली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडं चार ठिपके, पोंग्यात भुश्शासारखी विष्ठा, ही ओळख लोकांनी पुढं पाठवली, कारण सकाळी रानात जाऊन तीच अळी पोंग्यात दिसत होती. त्याला कुणाला लाईक मागायची गरज पडली नाही.

म्हणून माझं मत असं, की ग्रुप ठेवा, पण काम बदला. एका पट्ट्यातले, सारख्या जमिनीचे सात-आठ शेतकरी घ्या. एखादा सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी पदवीधर सोबत घ्या. पोस्ट टाकायच्या आधी तिथं दाखवा. प्रमाण लिटरला किती, लेबलवर ते पीक आहे का, फवारणी कधी केली, फोटो कुठल्या रानातला, हे एकमेकांना विचारा. चूक निघाली तर तिथंच दुरुस्त होईल. पोस्टी कमी होतील, होऊ द्या.

माझ्या पोस्टखालीही नुसतं "छान" लिहू नका. तुमचं गाव, जमीन, पीक आणि तुम्हाला काय अनुभव आला ते लिहा. पटलं नाही तर तेही लिहा. उडदाचं, ज्वारीचं, लिंबाचं काही विचारायचं असेल तर विचारा, माहीत असेल तेवढं सांगतो.