दणका ऐकू येतो, संवाद का नाही?

रात्रीची जेवणं आटोपून घरातली मंडळी सिनेमा बघायला बसतात. पात्रं बोलू लागली की आवाज वाढवायचा, स्फोट झाला की घाईघाईने कमी करायचा, असा रिमोटचा खेळ सुरू होतो. अर्ध्या तासाने आजोबा विचारतात, 'काय म्हणाला तो?' सून म्हणते, कान तपासून घ्या. मुलगा म्हणतो, होम थिएटरच बदलू या. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण मोठा दोष बहुतेक वेळा खोलीचा असतो आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

'फाइव्ह पॉइंट वन' म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. यातला मधला, म्हणजे सेंटर स्पीकर, मुख्यतः संवादांसाठी असतो. घरोघरी तोच कपाटाच्या खणात कोंबलेला आणि समोर फुलदाणी ठेवलेला आढळतो. त्यात हॉलमध्ये गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, मोठ्या काचा. आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो आणि आधीच्या स्वराचा घुमारा पुढच्या व्यंजनावर चढतो. स, श, फ ही व्यंजनं मुळातच क्षीण आणि उंच पट्टीची, साधारण २००० हर्ट्झच्या वरची. वयोमानाने ऐकणं कमी होतं तेही आधी याच पट्टीत. म्हणून आजोबांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आवाज वाढवला की घुमाराही तेवढाच वाढतो.

खर्जाची गंमत वेगळी. १२ फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो. भिंतीला टेकून बसलेल्याच्या कानात तो घुमतो, मधोमध बसलेल्याला जवळपास ऐकूच येत नाही. आपल्याकडे सोफा भिंतीलाच असतो. तो फूट-दीड फूट पुढे घेतला आणि सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढला, तर जो फरक पडतो तो महागड्या सेटनेही पडेलच असं नाही. खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार मात्र एवढ्याने थांबणार नाही. खर्ज भिंती आणि स्लॅब ओलांडून जातोच. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे दुकानात कुणी सांगत नाही.

एक उणीव मात्र कितीही पैसे टाकले तरी भरून निघत नाही. सिनेमाचं ध्वनिमिश्रण शांत, मोठ्या आणि दणदणीत आवाजाच्या थिएटरसाठी होतं. तिथे कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर प्रचंड ठेवता येतं. घरात आवाज निम्मा केला की कुजबुज थेट पंख्याच्या घरघरीखाली बुडते. कमी आवाजात कानाला खर्जही कमी जाणवतो, हे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं होतं. तो यंत्राचा दोष नव्हे. यावर 'नाइट मोड' नावाची सोय बहुतेक सेटमध्ये असते. ती हे अंतर कमी करते. शौकीन मंडळी तिला नाकं मुरडतात, मुरडू द्यावीत. उपशीर्षकं लावण्यातही कमीपणा नाही.

आवाज वाढवत नेण्याला मात्र मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते.

मग कान तपासायचे की नाही? शांत स्वयंपाकघरात समोरासमोर बोलताना किंवा फोनवरही शब्द निसटत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावीच. 'हा सेटच भिकार आहे' म्हणत बहिरेपण वर्षानुवर्षं लपवणारेही काही कमी नाहीत. आणि फक्त टीव्हीसमोरच अडत असेल, तर म्हाताऱ्या माणसाला उगाच बहिरं ठरवू नये.

दिवाळीच्या सेलमध्ये नवा सेट आणण्याआधी एका रात्री जाड पडदे ओढावेत, सतरंजी अंथरावी, पंखा एकवर ठेवावा आणि तोच सिनेमा पुन्हा लावावा. आजोबांची खुर्चीही त्या रात्री हलवून बघावी. बहुतेक घरांत ती कोपऱ्यात, पंख्याजवळ आणि सेंटर स्पीकरपासून सगळ्यात लांब असते.