शेगडी आधी बाहेर, मग दिवा बंद

संभाजीनगरकरांनो, आज रात्री तुमच्या घरात शेगडी पेटणार असेल तर झोपण्याआधी ती खोलीबाहेर काढा. राख टाकून झाकू नका, कोपऱ्यात सरकवू नका. उचलून अंगणात, गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवा आणि मगच दिवा मालवा. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं करा, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा दहा अंशांच्या खाली उतरला की शहरात चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. उघड्यावरच्या शेकोटीबद्दल इथे काही म्हणायचं नाही. प्रश्न आहे तो दार लावून, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबून पेटवलेल्या विस्तवाचा.

लाकूड धुमसत असतं तोवर डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस आपणहून दार उघडतो. कोळसे लालबुंद झाले, धूर थांबला की आपण म्हणतो, आता शेगडी आत न्यायला हरकत नाही. घात होतो तो इथेच. धूर नसलेल्या त्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. जागा माणूस तेव्हाही उठून दार उघडू शकतो, झोपलेल्याला मात्र यातलं काहीच कळत नाही. खाटेवर झोपलं की धोका नाही, ही समजूत सोडा. हा वायू हवेपेक्षा किंचित हलकाच आहे, खोलीभर पसरतो. शेगडीशेजारी पाण्याचं भांडं ठेवूनही उपयोग नाही, कारण पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही.

याला शिकलेली माणसंही फसली आहेत आणि पैसेवालीही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या स्वतःच्या घरात झोपेत गुदमरून गेले, कारण शेकोटीची चिमणी तुंबलेली होती. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत मरण पावले, त्यांत लहान मुलंही होती. खोलीत गॅसचा हीटर सुरू होता.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खोली घट्ट बंद करतात, बाजेखाली शेगडी सरकवतात, वर ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. आजी, मावशी, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण ज्या घरांतून ही रीत आली त्या माळवदाच्या, कौलाच्या घरांत धूर जायला वाट होती, कौलांत फटी होत्या. आजची दहा बाय दहाची स्लॅबची खोली, अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आणि आत ओली बाळंतीण, तान्हं बाळ. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो, तेव्हा विषारी हवाही त्याच्या पोटात वेगाने जाते. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या. फडकं विस्तवावर गरम करायचंच असेल तर शेगडी पडवीत ठेवून फडकं आत आणा. बाळाला धुरी तर मुळीच नको. दवाखान्यातली डॉक्टरीणबाईही हेच सांगेल. आणि मुलीच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे हे एकदा बोलून ठेवा, नाहीतर एका घरात शेगडी सुटते आणि दुसऱ्या घरात पुन्हा पेटते.

दुसरी विनंती बांधकाम ठेकेदारांना, सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना आणि वाळूज, शेंद्र्याच्या कारखानदारांना. तुमचा वॉचमन पत्र्याच्या केबिनमध्ये रात्र काढतो. थंडी असह्य झाली की तो तेलाच्या डब्याची शेगडी करून आत घेतो आणि पत्र्याचं दार ओढून घेतो. त्याला बोलणी लावण्याआधी जाड जर्किन आणि ब्लँकेट द्या, केबिनला वर-खाली झडपा ठेवा. बजाजनगर, रांजणगाव इथल्या भाड्याच्या खोल्यांत चार-सहा कामगार एकत्र झोपतात, खिडकी एकच आणि तीही बंद. घरमालकांनी छताजवळ एक जाळीदार झरोका पाडून द्यावा. खर्च एका गवंड्याच्या दिवसाचा.

गॅस गिझरची गोष्ट शहरातल्या शहाण्यासुरत्या घरांची आहे. जानेवारी २०२० मध्येच मुंबईत बोरिवलीला एक १५ वर्षांची मुलगी गॅस गिझर असलेल्या बंद बाथरूममध्ये बेशुद्ध पडली आणि काही दिवसांनी गेली. आपल्या शहरात तर पाण्याचीच तऱ्हा अशी की नळ येण्याचा नेम नाही. आला की घरातले सगळे एकामागून एक आंघोळी उरकून घेतात. पहिल्याला काही होत नाही. चौथा आत जातो तेव्हा मागच्या तिघांच्या आंघोळीचा वायू तिथे साचलेला असतो. म्हणून गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप घ्या. आज ते जमत नसेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार पाच-दहा मिनिटं उघडं ठेवा आणि मग आंघोळीला बसा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसू लागली किंवा गिझरभोवती काजळी धरली तर मेकॅनिक येऊन जाईपर्यंत तो वापरूच नका.

तांब्याचे बंब अजूनही काही घरांत आहेत, आणि ते दिसतातही देखणे. त्यांची जागा अंगणात. मधली नळी काजळीने आणि गोवऱ्यांच्या राखेने तुंबते. राख रोज काढा, आठवड्यातून एकदा काठीला चिंधी बांधून नळी आतून पुसा.

स्वयंपाकघरातली विजेची चिमणी वायू बाहेर टाकते, पण तिच्या पोटात तेल साचतं. आपल्या तर्रीच्या आणि फोडणीच्या स्वयंपाकाला ते दोन आठवड्यांतच दिसू लागतं. जाळ्या काढून गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्यात बुडवून घासा, तेलाची वाटी रिकामी करा. ‘ऑटोक्लीन’ लिहिलंय म्हणून वर्षभर बघायचंच नाही, असं करू नका. त्या यंत्रातही तेल साचतंच, आणि बाहेर जाणारा पाइप ते साफ करत नाही. पाइपाचं टोक वर्षातून एकदा बाहेरून पाहा. पारव्यांना ती जागा फार आवडते. कढई पेटलीच तर गॅस आणि चिमणी दोन्ही बंद करा, वर ताट झाका, पाणी मारू नका. चिमणी सुरू राहिली तर ज्वाळा वर ओढून घेते.

३ एप्रिल २०२४ ची पहाट या शहराला आठवत असेल. छावणीत तळमजल्यावरच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन लहान मुलं होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती, ते गुदमरून गेले असावेत, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. गुलमंडी, शहागंज, सिटी चौक, छावणी इथे खाली दुकान आणि वर घर अशी किती वास्तू आहेत ते आपण रोज बघतो. खाली काही पेटलं की अरुंद जिना धुराड्याचं काम करतो आणि सगळा धूर वरच्या मजल्यावर ओततो. म्हणून जिन्याखाली कापडाचे गठ्ठे, रिकामी खोकी, चार्जिंगला लावलेली गाडी नको. जिन्याच्या तोंडाशी बसणारं एक घट्ट दार करून घ्या आणि रात्री ते लावा. गच्चीचं कुलूप रात्री काढून ठेवा, किंवा किल्ली दाराशेजारी खिळ्याला टांगा आणि घरातल्या पोरांनाही दाखवा. चोराच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना गज लावले असतील तर एका खिडकीचा गज तरी आतून उघडणारा करा.

आणि बंद खोलीत कोणी निपचित पडलेलं दिसलं तर? दार-खिडक्या सताड उघडा, श्वास रोखून आत जा, माणसाला ओढत मोकळ्या हवेत आणा. कांदा हुंगवण्यात, चप्पल नाकाशी धरण्यात वेळ घालवू नका. दिव्याचं बटण दाबू नका, गॅसचा वास असेल तर नक्कीच नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनसाठी १०१, गॅस गळतीसाठी १९०६. घाटीत किंवा जवळच्या रुग्णालयात पोचलात की डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगा: खोलीत शेगडी होती, किंवा गिझर चालू होता. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा रुग्णात ऑक्सिजन ठीक असल्याचं दाखवू शकतं, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही. खरा आकडा रक्ताच्या वेगळ्या तपासणीतून मिळतो आणि शुद्ध ऑक्सिजन जितका लवकर सुरू होईल तितका तो वायू लवकर सुटतो. त्याच खोलीत झोपलेली बाकीची माणसं चालती-बोलती दिसत असली तरी त्यांनाही सोबत तपासायला न्या.