निळा हा ब्रँड नव्हे! जयंतीचा मंडप स्पॉन्सरच्या रंगात रंगवणाऱ्यांना काही प्रश्न

एप्रिल जवळ आला की उपनगरांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये मंडळांच्या बैठका सुरू होतात. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत विषय तेच असतात: परवानगी, मंडप, डीजे, मिरवणूक, भोजनदान. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक विषय आला आहे, 'स्पॉन्सर कोण?' आणि त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न, 'त्यांना कमानीवर काय काय पाहिजे?'

स्पॉन्सर म्हणजे कधी पुनर्विकासाच्या मागे असलेला बिल्डर, कधी कोचिंग क्लास, कधी निवडणुकीच्या तयारीतला इच्छुक. तो नुसते पैसे देत नाही, डिझाइनही देतो. कमान त्याच्या रंगाची, स्टेजचा बॅकड्रॉप त्याच्या रंगाचा, फुगे आणि सेल्फी पॉइंटही त्याच्याच रंगाचे. बाबासाहेबांचा फोटो मधोमध असतो, पण त्याच्या चारही बाजूंनी दुसऱ्याच कुणाचे तरी राज्य असते. कार्यकर्ता खुश, कारण यंदा वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागले नाही.

याच खुशीला माझा विरोध आहे.

ब्रँडचा रंग म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

इव्हेंटच्या धंद्यात एक साधा नियम आहे. कंपनीचा कार्यक्रम असेल तर पडदे, फुले, टेबलांवरची कापडे, दिवे, स्वागताला उभ्या असलेल्या मुलींचे कपडे, सगळे कंपनीच्या रंगात बसवायचे. पाहुण्याने लोगो वाचण्याआधीच मालक कोण हे त्याच्या डोळ्यांना कळले पाहिजे. यात गैर काही नाही. कार्यक्रम त्यांचा, पैसा त्यांचा, रंगही त्यांचा. आपल्याच वस्त्यांतली कितीतरी पोरे डेकोरेशनचे हे काम करतात आणि त्यावर घरे चालवतात. त्या कामाला हिणवण्याचा प्रश्नच येत नाही.

पण रंगाच्या मालकीसाठी कंपन्या किती जागरूक असतात, ते पाहा. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने रंगांच्या जुळणीलासुद्धा ट्रेडमार्क मानले आहे. २००३ मध्ये दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगावरून कोलगेट कंपनी अँकरविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने अँकरला ती रंगसंगती वापरायला मनाई केली. दंतमंजनाच्या डब्याच्या रंगासाठी माणसे कोर्टात भांडतात. आणि आपण? पाच-पन्नास हजारांसाठी आपली अख्खी कमान दुसऱ्याला देऊन टाकतो!

आपला निळा कुठून आला?

तो कुठल्या एजन्सीने काढून दिलेला नाही. बाबासाहेबांनी १९४२ साली स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. १९५७ साली उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन पक्षाने निळाच झेंडा खांद्यावर घेतला. पंचशील ध्वज १८८५ मध्ये कोलंबोत तयार झाला, त्यातला पहिला पट्टाही निळा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून धम्मदीक्षेला आले, म्हणून पांढराही आपला. या रंगांची नोंदणी कुठल्याही कार्यालयात नाही. त्यांची नोंदणी लोकांच्या जगण्यात आणि मरण्यात झाली आहे.

मरण्यात म्हणतो, कारण हे घाटकोपर आहे. ११ जुलै १९९७. माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा माणसे गेली. हा गोळीबार समर्थनीय नव्हता, असे गुंडेवार आयोगाने म्हटले. त्यानंतर चारच दिवसांनी मुलुंडच्या झोपडपट्टीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचा जीव दिला. घोगरे आयुष्यभर डाव्या चळवळीत लाल झेंड्याखाली गायले. पण जाताना त्यांनी डोक्याला बांधला तो निळा रुमाल. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'ची सुरुवात याच घटनांपासून होते. ज्या तरुणांनी तो माहितीपट पाहिला नसेल, त्यांनी आधी तो पाहावा आणि मग मंडपाचे डिझाइन ठरवायला बसावे.

ज्या रंगाच्या मागे एवढे दुःख आणि एवढा स्वाभिमान उभा आहे, तो 'स्पॉन्सरच्या थीमशी मॅच होत नाही' म्हणून बाजूला सारायचा?

'रंगात काय आहे?' म्हणणाऱ्यांना

काही शहाणे म्हणतील, 'बाबासाहेबांनी विचार दिला, रंग नाही. रंगाचे अवडंबर कशाला?'

बाबासाहेबांना खुणांचे महत्त्व कळत नव्हते असे ज्यांना वाटते, त्यांनी महाड आठवावे. डिसेंबर १९२७ मध्ये तिथे जमलेल्या स्त्रियांना त्यांनी काय सांगितले? ज्या दागिन्यांवरून आणि लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ते टाकून द्या. दुसऱ्याने आपल्या अंगावर चढवलेली खूण उतरवणे हा त्यांच्यासाठी लढ्याचाच भाग होता. त्याच महाडमध्ये परिषदेच्या मंडपाला जागा मिळत नव्हती, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने स्वतःची जागा दिली. मदत तेव्हाही घेतली गेली. पण परिषदेत काय बोलायचे आणि काय जाळायचे, हे परिषदेनेच ठरवले.

दुसरा आक्षेप असा की, 'मग तुम्हाला बाकीच्या रंगांचा द्वेष आहे का?' अजिबात नाही. पंचशील ध्वजात पिवळा आहे, लाल आहे, केशरीसुद्धा आहे. आपले भांडण रंगाशी नाही, मालकीशी आहे. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूँ जिल्ह्यात बाबासाहेबांचा तोडलेला पुतळा पुन्हा बसवला गेला, तो भगव्या रंगात. ओरड झाल्यावर तो निळा करण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये भगवा सदरा आणि कपाळावर भस्म अशा वेशातल्या बाबासाहेबांची पोस्टर्स लागली. तिथे आपण संतापलो. बरोबरच केले. पण तिथे जे जबरदस्तीने झाले, तेच इथे आपण पावती घेऊन करू देत असू, तर त्या संतापाला काय अर्थ उरतो?

पैशाचा प्रश्न खराच आहे

वर्गणी कमी येते, खर्च वाढला आहे, हे मान्य. पण खर्च कशावर वाढला आहे? एलईडी वॉल, डीजेची भिंत, तीस फुटी कमान. यातले विचारासाठी काय लागते? चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला 'एक वही, एक पेन' घेऊन येणारी माणसे याच समाजातली आहेत. त्यांना फुलांच्या ढिगापेक्षा वही मोठी वाटली. मग जयंतीत आपल्याला कमान का मोठी वाटावी?

आणि स्पॉन्सर फुकट देत नाही. पुनर्विकासाच्या वस्तीत बिल्डरच्या रंगाची कमान उभी राहिली की उद्या त्याच्या कराराबद्दल, भाड्याबद्दल, पात्रता यादीबद्दल प्रश्न विचारायचा कुणी? मंडळाचा अध्यक्ष? त्याच्या तोंडावर तर त्याच कंपनीचा फेटा बांधलेला फोटो मारतील. वस्तीला घराच्या लढाईत जे तोंड लागते, तेच जयंतीच्या मंडपात गहाण पडते. खरे नुकसान इथे आहे.

जाहिरातीला आवर घातला नाही की काय होते, हे घाटकोपरला वेगळे सांगायला नको. १३ मे २०२४ ला छेडा नगरमधल्या पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे मेली. आपली कमान कुणाच्या अंगावर पडणार नाही असे समजू. पण समाजाच्या डोक्यावर ती पडतेच आहे.

मग करायचे काय?

नुसता निषेध करून मंडप उभा राहत नाही. म्हणून प्रत्येक मंडळाने बैठकीत मांडावे असे पाच ठराव सुचवतो.

१. आधी वर्गणी, मग खर्च. घरटी वीस रुपये का असेनात, पावती फाडा. ज्याने पावती घेतली, त्याचा मंडप. हिशेब मंडपाच्या बाहेर फळ्यावर लावा.

२. देणगी कुणाचीही घ्या, अटी कुणाच्याही नाही. आभाराचा एकच फलक, पांढऱ्यावर काळी अक्षरे, सगळ्यांची नावे एकाच आकारात. हजार देणारा आणि लाख देणारा एकाच ओळीत.

३. कमान आणि स्टेज यांवर कंपनीचा किंवा पक्षाचा रंग, चिन्ह, नेत्याचा फोटो नको. तिथे निळा, पांढरा आणि पंचशील ध्वज.

४. डेकोरेशनचे काम वस्तीतल्याच मुलामुलींना द्या आणि मजुरी पूर्ण द्या. 'समाजाचे काम आहे' म्हणून त्यांना फुकट राबवू नका. बाबासाहेबांनी मजूर पक्ष काढला होता, हे विसरू नका.

५. कमान दहा फूट कमी करा आणि वाचलेल्या पैशांतून अभ्यासिकेला पुस्तके आणा.

आपल्यातला कुणी उद्योजक झाला आणि त्याने आपल्या दुकानाची पाटी निळी केली, तर मला आनंदच आहे. त्याने आपल्या उद्घाटनाला मंडप आपल्या रंगात सजवावा. मात्र जयंतीला त्यानेही इतरांसारखी पावती घेऊन रांगेत उभे राहावे. कारण जयंती हा कुणाचा इव्हेंट नाही आणि समाज हा कुणाचा ग्राहक नाही.

मित्रांनो, पुढच्या बैठकीत 'स्पॉन्सर कोण?' असा प्रश्न आला की आधी उलट विचारा, 'यजमान कोण?' त्याचे उत्तर 'वस्ती' असे असेल, तरच पुढचे बोलणे करा. नसेल, तर उठून वर्गणीचे पुस्तक हातात घ्या आणि पहिल्या दारावर थाप मारा.

जय भीम! जय संविधान!