परक्या मुलुखात झाडावर चढण्याआधी

इंग्लंडमध्ये राहून झाडं छाटण्या-पाडण्याचा स्वतःचा लहानसा धंदा काढू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. इकडे घरी असलेल्या आईवडिलांनीही वाचावं. तिथे या कामाला ट्री सर्जरी म्हणतात. काम चांगलं आहे. मोकळ्या हवेतलं आहे, हातात कसब आणणारं आहे. तुम्हाला त्यापासून परतवण्याचा माझा हेतू नाही.

पण नवख्या माणसाला काम नाकारणं जड जातं. परदेशात तर जास्तच. भाडं थकलेलं असतं, गावाकडे हप्ता पाठवायचा असतो, ग्राहक गोड बोलत असतो. मग "हो, उद्याच येतो" असं तोंडातून निघून जातं. दुसऱ्या एखाद्या धंद्यात अशा होकाराने दोन पैशांचं नुकसान होईल. इथे त्याने हातपाय जातात, दंड होतो, कधी व्हिसाही जातो. म्हणून पुढे मी बऱ्याचदा "थांबा" म्हणणार आहे. मनाला लावून घेऊ नका.

आधी तुमच्या व्हिसाच्या अटी वाचा. स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. शनिवार-रविवारीही नाही, सुट्टीतही नाही. स्किल्ड वर्कर व्हिसा तुम्हाला प्रायोजक मालकाच्या कामाशी बांधून ठेवतो. ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतःचा धंदा चालतो. स्किल्ड वर्करच्या पती किंवा पत्नीलाही चालतो. कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळाली असेल तर प्रश्नच नाही. थोडीही शंका असेल तर नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे जा. व्हिसाचा सल्ला द्यायला तिथे कायद्याने नोंदणी लागते. "आपलाच माणूस आहे, करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

दुसरं, गाडी. आपल्या भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून बारा महिनेच चालवता येतं. ते बदलूनही मिळत नाही. तिथली परीक्षा द्यावीच लागते. ती वेळेत द्या. मुदत संपलेल्या लायसन्सवर फांद्यांनी भरलेला टेम्पो चालवला तर विम्याचा आधारही हातचा जाईल. साध्या लायसन्सवर गाडी भारासकट ३,५०० किलोपर्यंतच चालते. ओला लाकूडफाटा दिसतो त्याहून फार जड असतो. अर्धी गाडी रिकामी दिसत असतानाच वजन पुरं झालेलं असतं.

आता शिक्षण. इथे पैसा आणि वेळ, दोन्ही मोकळ्या हाताने द्या.

कोकणात किंवा गोव्यात माडावर चढणाऱ्यांच्या घरात तुम्ही वाढला असाल, तर उंचीची भीती तुम्हाला नसेल. ती फार मोठी जमेची बाजू आहे. पण माडाला फांद्या नसतात. ओकची एकेक फांदी अख्ख्या झाडाएवढी असते, आणि कापल्यावर ती कुठे झोके घेईल हे आधीच कळावं लागतं. शिवाय हातात कोयत्याऐवजी पेट्रोलवर चालणारी करवत असते. तुम्ही ज्या दोरावर लटकता, त्याच्या अगदी जवळ ती फिरत असते.

म्हणून क्रमाने शिका. आधी जमिनीवर करवत चालवणं आणि तिची देखभाल. मग लहान झाड पाडणं. मग दोरावर चढणं आणि वर अडकलेल्या माणसाला खाली आणणं. सगळ्यात शेवटी दोरावरून करवत चालवणं. जुनी मंडळी या परीक्षांना अजून सीएस ३०, ३१, ३८ आणि ३९ म्हणतात. नावं आता बदलली आहेत, क्रम तोच आहे. झाडावर करवत चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावं, अशी तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याची अपेक्षा आहे. ते नसेल तर चांगली कंपनी दारात उभं करत नाही.

प्रमाणपत्र मिळालं की लगेच स्वतःची पाटी लावू नका. एक-दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढा. फांद्या ओढा, भुसा करणाऱ्या यंत्रात घाला, दोर धरा. कुठलं झाड कुजलंय हे ऐकून आणि बघून ओळखायला तिथेच शिकाल. दर कसा सांगायचा तेही तिथेच कळेल.

एकट्याने कधीही चढू नका. या बाबतीत सवलत नाही. वर एक माणूस असेल तर खाली दुसरा हवाच. आणि तो नुसता उभा राहणारा नको. तुम्हाला वरून उतरवू शकेल असा शिकलेला हवा, त्याचा चढायचा साज तिथेच तयार हवा. खोलीतला मित्र सुट्टीला मदतीला आला, तर त्याला पानं गोळा करू द्या. तुमचा जीव त्याच्या हाती देऊ नका. त्याच्यावरही तो अन्याय आहे.

वरच्या आणि खालच्या माणसाने हाकेचे शब्द आधी ठरवून घ्या. तुम्ही मराठी आणि तो रोमेनियन किंवा इंग्रज असेल. कानावर संरक्षक कप असतील, यंत्र ओरडत असेल. अशा वेळी लांब वाक्य कुणालाच कळत नाही. दोन-तीन छोटे शब्द आणि हाताच्या खुणा पुरतात. वरून हाक, खालून उत्तर, मगच काप. उत्तर आलं नाही तर करवत थांबवा.

रोज सकाळी एका कागदावर त्या जागेचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहा. जवळचं आपत्कालीन विभाग असलेलं रुग्णालय लिहा. ९९९ ला फोन करताना घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही. प्रथमोपचाराचा वर्ग करा आणि रक्तस्राव थांबवायची पेटी अंगावरच ठेवा. गाडीत ठेवलेली पेटी झाडावर कामाला येत नाही.

साजावर काटकसर नको. चढणाऱ्याची पँट पायाला सगळीकडून वाचवणारी घ्या, फक्त पुढून नव्हे. वापरलेले दोर, पट्टे, कड्या विकत घेऊ नका. त्यांनी आधी काय सोसलंय ते तुम्हाला दिसत नाही. चढायच्या साजाची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा लागतो. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. बोटं पांढरी पडू लागली, मुंग्या येऊ लागल्या, तर अंगावर काढू नका. यंत्राच्या थरथरीने नसा कायमच्या जातात. थंडीत तर लवकर.

मोठं यंत्र मात्र कर्ज काढून घेऊ नका. भुसा करायचं यंत्र, बुंधा खरवडायचं यंत्र, दोन्ही दिवसाच्या भाड्याने मिळतात. वर्षभर भाड्याने वापरा. आठवड्याला किती वेळा लागतं ते बघा. मग ठरवा.

आता परवानगी. आपल्याकडे शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथेही अनेक झाडांना संरक्षण आहे. फरक इतकाच की बागेतलं झाड बघून ते ओळखता येत नाही. झाडावर पाटी नसते. चौकशी तुम्हीच करायची असते.

काम घेण्याआधी त्या भागाच्या कौन्सिलला फोन करा किंवा त्यांच्या नकाशावर पत्ता टाकून बघा. दोन गोष्टी विचारा. या झाडावर संरक्षणाचा आदेश आहे का? हा भाग जतन केलेल्या वस्तीत येतो का? आदेश असेल तर लेखी परवानगी घ्या. त्याला साधारण आठ आठवडे जातात. जतन केलेल्या वस्तीत सहा आठवडे आधी कौन्सिलला कळवावं लागतं. जमिनीपासून दीड मीटरवर खोडाची जाडी ७५ मिलिमीटरच्या वर असलेल्या झाडांना हे लागू आहे. म्हणजे मनगटापेक्षा थोडंसंच जाड झाडही त्यात आलं.

ग्राहक म्हणेल, "झाड माझं आहे, काप तू." संरक्षित झाड परवानगीशिवाय पाडलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. आणि दोष फक्त घरमालकाचा धरत नाहीत. ज्याने करवत चालवली त्याचाही धरतात. झाड मेलेलं आहे, म्हणून परवानगी नको, असंही कुणी सांगेल. त्यालाही बहुधा पाच कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. फोटो काढून ठेवा.

तिथल्या लोकांची झाडांवर माया आहे, हेही लक्षात असू द्या. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीजवळचं सायकामोर गॅपचं प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी रात्रीतून पाडलं. जुलै २०२५ मध्ये दोघांनाही चार वर्षं तीन महिन्यांची कैद झाली. साध्या बागेतल्या कामाला शेजारी खिडकीतून बघत असतात आणि कौन्सिलला फोनही करतात. कागद खिशात असेल तर तुम्हाला घाबरायचं कारण नाही.

मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांचा विणीचा काळ. कुंपण कापण्याआधी आत वाकून घरटं बघा. वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे. वटवाघळांची ढोली तर ती आत नसली तरी संरक्षित असते. पोकळ खोड, सुटलेली साल, जुनी भेग दिसली की थांबा आणि जाणकाराला बोलवा.

ऋतू आपल्यासारखे नाहीत. आपल्याकडे पावसाळ्याआधी छाटणी होते, तीच सवय घेऊन जाऊ नका. चेरी आणि प्लम तिथे उन्हाळ्यात छाटतात, नाही तर बुरशीचा रोग शिरतो. ग्राहक "शेंडाच उडवून टाका" म्हणाला तर नकार द्या. शेंडा उडवलेलं झाड कुजतं, आणि वर झाडूसारखे कमजोर फुटवे येतात. पाच-सहा वर्षांनी त्यातला एखादा कुणाच्या गाडीवर पडतो, तेव्हा तुमचंच नाव निघतं. बाजूच्या फांदीपाशी नेटकं कापून झाड लहान करता येतं, हे त्याला शांतपणे समजवा.

ॲश या झाडाबद्दल खास सांगतो. त्याला बुरशीचा एक रोग लागला आहे. ब्रिटनमध्ये तो २०१२ मध्ये सापडला आणि सगळीकडे पसरला. रोगट ॲशचं लाकूड ठिसूळ होतं. बाहेरून बरी दिसणारी फांदी तुमच्या वजनाने काडकन तुटते. अशा झाडावर दोराने चढू नका. माणसाला वर उचलणाऱ्या पाळण्याची गाडी भाड्याने घ्या, तो खर्च ग्राहकाला आधीच सांगा. परवडत नसेल तर काम दुसऱ्याला जाऊ द्या. लंडनच्या बाजूला ओकवर सुरवंटांची रांग दिसली तर तिथूनही लांब राहा. त्यांचे केस अंगाला आणि श्वासाला त्रास देतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. दर नेहमी लेखी द्या. काय कापणार, काय उचलून नेणार, काय तिथेच राहणार, सगळं लिहा. ग्राहकाच्या घरी बसून ठरलेल्या कामाला त्याला चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क तुम्हाला लेखी सांगावा लागतो. त्याआधी काम हवं असेल तर तशी त्याची लेखी विनंती घ्या. नाही तर काम पुरं होऊनही पैसे अडकतील.

दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा पहिल्या दिवसापासून हवा. त्यात झाडावर चढून करायचं काम स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा. साध्या माळीकामाच्या विम्यात ते नसतं. हाताखाली एक जरी माणूस घेतला, तरी त्याच्यासाठी किमान ५० लाख पौंडांचा विमा सक्तीचा आहे. नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. ज्या वर्षात धंदा सुरू केला, ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत कर खात्यात नाव नोंदवा. प्रत्येक बिलातला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका, त्याला हात लावू नका. रोखीने घेतलेले पैसेही वहीत लिहा. पुढे व्हिसाच्या अर्जात उत्पन्न दाखवायची वेळ येते, तेव्हा हीच वही तुमची साक्ष असते. कापलेला माल वाहून नेण्यासाठी पर्यावरण खात्याकडे नोंद करा. ओलं लाकूड जळण म्हणून गोणीत भरून विकू नका. थोड्या प्रमाणात विकायचं जळण वाळलेलं आणि प्रमाणित असावं लागतं.

आणि वादळ. वादळानंतरच्या सकाळी फोन थांबत नाही. नवख्याला वाटतं, महिन्याची कमाई दोन दिवसांत होईल. नेमकी हीच कामं सगळ्यात घातकी असतात. उन्मळून पडलेल्या झाडात ताण साठलेला असतो. चुकीच्या जागी काप दिला की खोड उसळतं, मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो आणि मध्ये माणूस सापडतो. त्याचं शिक्षण वेगळं आहे. ते घेतलं नसेल तर अशा दिवशी फक्त जमिनीवरच्या सुट्या फांद्या उचला.

ग्राहकाचा फोन मात्र जरूर घ्या. पत्ता लिहा, फोटो मागवा, छत फाटलं असेल तर त्याच्या विमा कंपनीला कळवायला सांगा. झाड रस्त्यावर पडलं असेल तर कौन्सिलचा नंबर द्या. विजेच्या तारेवर असेल तर कुणीही जवळ जाऊ नका, आणि १०५ ला फोन करा.