कलेला गणिताची शिफारस नको

शाळेतल्या चित्रकलेच्या किंवा संगीताच्या तासावर गदा आली की त्याचे कैवारी सांगतात, गाणे शिकलेले मूल गणितातही चमकते. हेतू चांगला असला तरी हा युक्तिवाद टिकत नाही. ज्या ‘मोझार्ट परिणामा’चा दाखला सर्रास दिला जातो, त्यामागचा १९९३ सालचा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता. संगीत शिकण्याचा नव्हे, ऐकण्याचा परिणाम त्यात तपासला होता आणि तोही पंधराएक मिनिटांत ओसरला. पुढे २००० साली एलेन विनर आणि लॉइस हेटलँड या संशोधकांनी कलाशिक्षणावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. नाट्यीकरणाने भाषिक क्षमता वाढतात याला त्यांना भक्कम आधार मिळाला. कलाशिक्षणामुळेच एकूण गुण वाढतात, याला मिळाला नाही. आणि गणितच सुधारायचे असेल तर गणिताचाच तास वाढवावा, हे उत्तर सरळ आहे. कलेची बाजू दुसऱ्या विषयाच्या उपयोगावर उभी केली की ती अशी हातची जाते.

खरी बाजू वेगळी आहे. नाटकात मुलाला आपल्याला न पटणाऱ्या माणसाचे म्हणणे त्याच्याच तोंडून पटेल असे बोलावे लागते आणि समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत ऐकावे लागते. चित्रात, झाड कसे असते हे ठाऊक असूनही समोरचे झाड नव्याने पाहावे लागते. उत्तर एकच नसते, तरीही बरे-वाईट ठरवावे लागते. हे शिक्षण दुसरा कोणता विषय इतक्या थेटपणे देतो? यावर, शाळेत कला आहेच, असे म्हणत स्नेहसंमेलनाकडे बोट दाखवले जाते. तिथे निवडक मुले ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचतात, उरलेली टाळ्या वाजवतात. त्याला कलाशिक्षण कसे म्हणायचे? दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांनी काही मुले रेखाकला परीक्षेकडे वळतात हे खरे, पण त्यामुळे कला गुणपत्रिकेच्या सोयीची होते.

‘ज्याला आवड असेल तो क्लास लावेल’ हा आक्षेप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण क्लासची फी ज्याला परवडत नाही, त्याला शाळेखेरीज दुसरी जागाच नाही. शिक्षक आणि पैसा नाही, ही अडचण मात्र खरी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलेचा अर्धवेळ निदेशक सांगितला, तोही पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे वाड्यावस्त्यांवरच्या छोट्या शाळा आधीच वगळल्या गेल्या. केंद्रशाळेच्या पातळीवर एक निदेशक नेमून त्याला आसपासच्या शाळा वाटून देता येतील. कोकणात दशावताराचे आणि विदर्भात झाडीपट्टी रंगभूमीचे जाणते कलावंत गावातच आहेत. त्यांना रीतसर मानधन देऊन वेळापत्रकातला तास द्यावा, फक्त संमेलनापुरते बोलावू नये.