कैलास-मानसरोवर : हंगामाच्या आरंभी यात्रा करू इच्छिणाऱ्यांसाठी



पाच वर्षांच्या खंडानंतर जून २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून न्यासाच्या कार्यालयात या यात्रेविषयी सातत्याने विचारणा होत आहे. बहुतेकांचे प्रश्न दोन असतात. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मेअखेरीस किंवा जूनमध्ये, जाणे योग्य ठरेल काय? आणि हे सारे आठ-दहा दिवसांत उरकता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे मात्र नकारार्थी आहे. त्यामागील कारणे सविस्तर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम सद्यःस्थिती पाहू. भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणारी ही यात्रा १९८१ साली सुरू झाली. २०१५ पासून उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीच्या जोडीला सिक्कीममधील नाथू ला हा दुसरा मार्ग मिळाला. २०२० मध्ये महामारीमुळे यात्रा थांबली, आणि पुढे सीमेवरील तणावामुळे ती बंदच राहिली. २०२५ मध्ये लिपुलेखमार्गे पाच आणि नाथू लामार्गे दहा, अशा पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या, म्हणजे एकूण ७५० यात्रेकरूंची योजना झाली. अर्ज मात्र साडेपाच हजारांहून अधिक आले. ज्यांची नावे सोडतीत निघत नाहीत, त्यांतील अनेक जण नेपाळमार्गे जाणाऱ्या खासगी प्रवासी संस्थांकडे वळतात. कमी दिवसांची आमिषे तेथेच अधिक असतात.

आता हंगामाचा विचार. या मार्गावरील मोठ्या आपत्ती पाहिल्या तर त्या पावसाळ्याच्या महिन्यांत घडल्याचे दिसते. ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत मानसरोवरचे ६० यात्रेकरू होते. जुलै २०१८ च्या आरंभी खराब हवामानामुळे नेपाळमधील सिमीकोट व हिल्सा आणि पलीकडे तिबेटात मिळून सुमारे दीड हजार भारतीय यात्रेकरू अडकून पडले. ८ जुलै २०२५ रोजी नेपाळ-तिबेट सीमेवर भोटेकोशी नदीला पूर आला आणि रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला. हा पूर तिबेटातील एका हिमनदीच्या पाठीवर साचलेले तळे रिकामे झाल्याने आल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. म्हणजे धोका केवळ पावसाचा नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वितळणाऱ्या बर्फाचाही आहे. या दृष्टीने जूनच्या पूर्वार्धातील यात्रा अधिक शहाणपणाची ठरते.

परंतु आरंभीच्या हंगामाचे मोलही मोजावे लागते. मानसरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात ते गोठते आणि त्यावरील बर्फ साधारणतः एप्रिल-मे महिन्यांत फुटू लागते. जूनमध्येही तेथील रात्री कडाक्याच्या असतात. कैलास परिक्रमेतील डोल्मा ला ही सुमारे ५,६३० मीटर उंचीची खिंड तेव्हा बहुधा हिमाच्छादित असते आणि तिच्याखालील गौरीकुंड अनेकदा गोठलेले आढळते. सरोवरात स्नान करण्याची भाविकांची उत्कट इच्छा असते. मात्र त्यासंबंधी तेथील प्रशासनाचे नियम पाळावे लागतात, आणि आजारी किंवा थकलेल्या यात्रेकरूने अशा थंडीत पाण्यात उतरणे हा जिवाशी खेळ आहे. कलशभर जल मस्तकी लावल्याने भक्तीत काही उणे पडत नाही.

गर्दीचाही विचार व्हावा. तिबेटी बौद्धांचा सागा दावा हा उत्सव मे-जूनमध्ये येतो आणि त्या पौर्णिमेला कैलासाच्या पायथ्याशी मोठा मेळा भरतो. २०२६ हे तिबेटी पंचांगाप्रमाणे अश्ववर्ष आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या या वर्षातील परिक्रमेचे पुण्य कित्येक पटींचे मानले जात असल्याने तिबेटी यात्रेकरू अधिक संख्येने येतात. त्याच वर्षी १७ मे ते १५ जून हा आपला अधिक ज्येष्ठ मास आहे. असे योग जुळतात तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी खोल्या, वाहने व घोडे या सर्वांचीच चणचण भासते, हे गृहीत धरावे.

तथापि आमच्या मते मुख्य प्रश्न थंडीचा वा गर्दीचा नाही; तो दिवसांचा आहे. पूर्वी लिपुलेखमार्गे जाणारा यात्रेकरू कित्येक दिवस पायी चालत असे. ते चालणे कष्टाचे खरे, पण त्याच दिवसांत शरीराला विरळ हवेची सवय होत असे. मे २०२० मध्ये लिपुलेखच्या अगदी जवळपर्यंत जाणाऱ्या मोटाररस्त्याचे उद्घाटन झाले. आता वाहन त्या उंचीवर फार लवकर नेते. रस्ता आखूड झाला, शरीराचा स्वभाव मात्र तोच राहिला. आपले इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. मानसरोवराच्या काठी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के भरतो, तर डोल्मा लाच्या माथ्यावर तो जेमतेम निम्मा.

वैद्यकीय संकेत असा की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या ठिकाणाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. नेपाळमार्गे मोटारीने जाणारे यात्रेकरू केरुंगहून, म्हणजे साधारण २,८०० मीटरवरून, निघून सुमारे ४,५०० मीटरवरील सागा येथे पोहोचतात. हे अंतर एका दिवसात कापले तर एका रात्रीत १,७०० मीटरची उडी होते. हेलिकॉप्टरने सिमीकोटहून हिल्सास जाणाऱ्यांचीही उंची झपाट्याने वाढते. सरकारी यात्रेत २०२५ साली गुंजी व नाभीढांग येथे प्रत्येकी दोन रात्री ठेवल्या होत्या. नाथू ला मार्गावरही सिक्कीममध्ये सरावासाठी मुक्काम होते. यात्रेला तीन आठवडे का लागतात, याचे उत्तर या मुक्कामांत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विरळ हवेच्या गंभीर विकारावर खरा उपाय म्हणजे तत्काळ खाली उतरणे. केदारनाथला कोणास त्रास झाला तर त्यास त्याच दिवशी गौरीकुंडास, म्हणजे २,००० मीटरच्या आसपास आणता येते. मानसरोवर पठारावर आहे. तेथून जवळचे तकलाकोटदेखील ३,९०० मीटरच्या सुमारास आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही आरंभीची लक्षणे अंगावर काढणारा यात्रेकरू पुढे बसल्या जागी धापा टाकू लागतो, त्याचा तोल जातो किंवा त्यास भ्रम होतो. आणि तेव्हा उतरण्यास जागाच जवळ नसते.

यावर काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की, त्या भूमीत देह पडला तर त्याहून भाग्य ते कोणते? त्यांच्या श्रद्धेस आमचे वंदन. परंतु परक्या देशात अत्यवस्थ यात्रेकरूस सांभाळण्याचा, त्याच्यासाठी परवाने व वाहने मिळविण्याचा भार सहयात्रेकरूंवर आणि तेथील सेवेकऱ्यांवर पडतो. स्वतःच्या मोक्षासाठी दुसऱ्याची यात्रा मोडणे धर्मास धरून होईल काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आपल्या परंपरेत मुक्काम हा यात्रेचाच भाग आहे. आळंदीहून पंढरपूरला मोटारीने काही तासांत पोहोचता येते. तरी ज्ञानोबांची पालखी दोन आठवड्यांहून अधिक काळ मुक्काम करीत जाते. यात्रेकरूस वाटेत थांबता यावे म्हणूनच देवी अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा, घाट व विहिरी बांधविल्या, हे इंदूरकरांस निराळे सांगावयास नको.

या सर्व बाबींचा विचार करून विश्वस्त मंडळाने ठरविले आहे की, न्यासाच्या नावे आठ-दहा दिवसांचा कोणताही गट मानसरोवरास नेला जाणार नाही. ज्यांना जावयाचे आहे, त्यांनी शक्यतो सरकारी यात्रेसाठी अर्ज करून आरंभीच्या तुकडीस पसंती द्यावी. २०२५ च्या नियमांप्रमाणे वय १८ ते ७० आणि बॉडी मास इंडेक्स २५ वा त्याहून कमी असणे आवश्यक होते. खासगी संस्थेतर्फे जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी कोणती रात्र किती उंचीवर काढावयाची, हे लेखी मागून घ्यावे. ३,००० ते ४,५०० मीटरच्या दरम्यान निदान चार रात्री नसतील तर तो कार्यक्रम नाकारावा, किंवा केरुंग-तकलाकोटसारख्या ठिकाणी जादा मुक्काम मागावा. हृदयविकार, दमा वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. परतीच्या तिकिटात तीन-चार दिवसांची सवड ठेवावी. निघण्याआधी तीन महिने रोज चालण्याचा सराव करावा.

ज्यांना प्रकृतीमुळे जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. जाणाऱ्यांनी आणलेले जल देवळात सर्वांसाठी ठेवले जाईल.



— सचिव, विश्वस्त मंडळाकरिता